अनुक्रमांक सहाशे बारा

मतदार यादी, उभादांडा, भाग एकशे चौदा.
दर दिवाळीच्या सुमारास मी ती घेऊन दारोदार फिरतो
(शाळामास्तराच्या नशिबी हेही असतं).
कुबल, गिरप, रेडकर, पुन्हा कुबल,
फर्नांडिसांची अख्खी दोन पानं,
आणि मधेच, भाताच्या घासात खडा यावा तसा
एकच: कालाफाती, सांतान इनास. वय ८१.

छापखान्याला हा खडा कधी गिळता आला नाही.
एका यादीत काळपाते,
एकीत कालापती,
दोन हजार नऊ साली कलावती, लिंग स्त्री.
सांतानबाबांनी त्या साली
कलावती म्हणून मतदान केलं.
अधिकाऱ्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं,
शाई लावली.

या किनाऱ्यावर आडनाव म्हणजे पत्ता.
शेवटी कर लागला की गाव कळतं,
गावावरून देऊळ, देवळावरून भाऊबंदकी,
उरलेलं चहाबरोबर कळतंच.
"पण बाबा, तुमचं मूळ गाव कुठलं?"
"ह्योच. आनि खंयचो आसतलो?"

घराण्यात एक गोष्ट आहे, तिच्या तीन आवृत्त्या.
एकीत गलबत फुटलं.
एकीत ताप आला, आणि सोबत्यांनी
त्याला वाळूत निजवून शीड उभारलं.
तिसरीत तो आपणहून उतरला, बांगड्याच्या तिकल्यासाठी.
बाबा ही तिसरी सांगतात.
देश इटली, एवढं तिन्हींत सारखं.
चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्म्याची वही काढली,
तर जिथं साल असायला हवं
तिथं कसरीनं बोटाएवढं भोक पाडलेलं,
त्यातून पुढच्या पानावरचा कुणी मिंगेल दिसत होता.

मुलगी रेजिना बारी शहरात
परक्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते.
तिनं एका दारावर ही पाटी वाचली, बेल दाबली.
बाई चांगली निघाली. कॉफी दिली, बदाम दिले.
तीन पिढ्या पंख्यांचं दुकान.
समुद्राचं काही? छे, पोहताही येत नाही.
रेजिनानं मग फोनवर बापाला अर्थ सांगितला:
बोटीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवणारा.
तिकडंसुद्धा मोजकेच, म्हणाली, बंदराकाठचे,
आणि त्यांतला फटी बुजवणारा
तिला एकही भेटला नाही.

हे मला सांगून बाबा उठले, चपला न घालताच.
माडांतून थेट वाळूवर, मी मागे यादी सांभाळत.
पालथ्या होडीखाली धाकू गिरप वाकलेला:
कापसाचा पीळ, राळ, तेलाचा डबा,
छिन्नीवर हातोडी, ठोक, ठोक,
पीळ फटीत आत जातोय.
"धाकू, काय करतंस रे?"
"कलपत," तो म्हणाला, वर न बघता.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
"आयकलंस मा?"

मी विचारलं, हा शब्द कुठला?
"बापाशीचो," धाकू म्हणाला,
आणि पुढच्या फटीकडे सरकला.

सांतानबाबा जन्माचे शिंपी.
होडीला कधी हात लावलेला नाही.
आता लावला: सांध्यावरून अंगठा फिरवला,
पँटची शिवण तपासावी तसा, वरून खाली,
एका जागी थांबून नखानं टोकरून पाहिलं.
"हंय ढिला आसा," म्हणाले.
धाकूनं पाहिलं. ढिलं होतं.

घरी येऊन मी फॉर्म आठ काढला, नावातली दुरुस्ती.
"जिल्ह्यात ह्या नावाचे किती?"
मी तालुका पाहिला होता, जिल्हाही पाहिला होता.
रेजिना लग्नापासून फुर्तादो.
"एक," म्हणालो.
बाबा चष्मा पुसत राहिले.
"म्हंजे माजा पत्र
चुकान दुसऱ्याक जावचा नाय."

मी अक्षर अक्षर विचारत लिहू लागलो.
का. ला. फा.
ती आली तेव्हा नियम मला माहीत होता,
तरी विचारलं: पहिली की दुसरी?
"दुसरी घाल," म्हणाले.
"जरा लांब आसली तर बरी."